कूलरसमोरची बाटली

निर्जल अल्कोहोलची बाटली मी बूच काढून कूलरसमोर ठेवली. जळगावातला मे महिना होता आणि माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पातला शेवटचा प्रयोग उरकायला एकच दिवस उरला होता. कळीच्या चुन्यावर दोन दिवस उकळून, ऊर्ध्वपातन करून मी त्या अल्कोहोलमधलं पाणी काढलं होतं. मग मलाच धास्ती पडली, की या उकाड्यात वाफ कोंडून बूच उडेल आणि भडका होईल. म्हणून बूच काढलं, वर गार वाऱ्याची सोय केली. केवढी ही अक्कल! उघड्या बाटलीतून वाफ जास्तच पसरते. शिवाय अल्कोहोल हवेतला ओलावा ओढून घेतं, हे मीच तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतं; आणि कूलर तर ओलावाच फेकतो.

तासाभरानं भाजून पांढरा केलेला मोरचूद चिमूटभर घेऊन थोड्या अल्कोहोलमध्ये टाकला. तो निळा पडला. म्हणजे पाणी शिरलंच! आता पुन्हा चुना, पुन्हा दोन दिवस, आणि मुदत उद्याची. मी चरफडत टेबलावर मूठ आपटली.

प्रयोगशाळेतले म्हातारे शिपाई, नाना, शांतपणे बाटलीला बूच लावत म्हणाले, "भाऊ, मी सातवी नापास शे, पन बाटलीले झाकण लावस."