पूजेला बसलेले पट्टे

सिद्धरामची आणि मोटारबोटीची पहिली भेट झाली, त्या दिवशी रेणापूरच्या रस्त्यावर बैल उधळले, दोन वराती खोळंबल्या आणि एका म्हातारीने ट्रकवरच्या बोटीला नारळ फोडून नातवाचा नवस बोलून घेतला. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. वाटणीत जुन्या जिल्ह्याने तीन पायांच्या खुर्च्या, वाळवीसकट कपाटं आणि ही बोट मोठ्या मनाने दिली. पाऊस तेवढा द्यायचा राहिला.

सिद्धराम शेतावरच्या इंजिनांचा मिस्त्री. पाटबंधारे खात्याने त्याला तलावावर रोजंदारीने ठेवलं. काम एकच, मधल्या मनोऱ्यापर्यंत बोट न्यायची आणि पाण्याची पातळी बघून परत आणायची. पण माणूस असा, की परसाकडे जातानाही दोन तांबे नेणार. न जाणो, एक सांडला तर! बोटीत त्याने दोन लोखंडी पेट्या चढवल्या. नोझल, वॉशर, रिंगा, इंजिन गार ठेवणाऱ्या पंपाचे तीन पट्टे आणि त्या तिघांनी दगा दिला तर चौथा. माणसाला बसायला जागाच उरली नाही. पातळी मोजणारे शाखा अभियंता किशनराव पेटीवर मांडी घालून बसत, पालखीतल्या देवासारखे.

"अवो, घरात कंदिलाला एकच काच हाय, ती बी तडकलेली," त्याची बायको बसम्मा म्हणायची. "तिकडं मात्र पट्ट्याला पट्टा!"

"कंदील बुडत न्हाई, बसम्मा."

दुसऱ्या वर्षीही पाऊस फिरकला नाही. खंडेनवमीच्या सकाळी किशनराव धापा टाकत दारात आले.

"सिद्धराम, मोठे साहेब पाणी बघायला यायलेत. नीट नेऊन आण बाबा. तुझ्या कायम व्हायच्या कागदावर त्यांचीच सही लागती."

त्या सहीसाठीच तर दोन वर्षं पेट्या वाहिल्या होत्या. पण आज सगळं सामान घरात पाटावर मांडलेलं, विभूती आणि हळदकुंकू लावून. हत्यार एकदा पूजेला बसलं की दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, ही त्याच्या बापापासूनची रीत.

"एक पट्टा घ्या की खिशात," बसम्मा म्हणाली. "महादेव काय नोकरीवरून काढतो का?"

"हत्यार कोपतं."

"मग इंजिन कसं चालवता?"

"ते सरकारचं हाय. सरकारी वस्तूला कोप येत न्हाई."

तरी त्याने इंजिनाला झेंडूचा हातभर जाड हार घातलाच. तलावाच्या मध्यावर तो हार घसरला, त्याचा दोरा पंपाच्या पट्ट्यात गुंतला आणि पट्टा तुटला. साहेबांच्या पांढऱ्या सफारीवर पाकळ्यांचा वर्षाव झाला. इंजिन तापलं, खोकलं, गप्प झालं.

"दुसरा पट्टा आहे का?" साहेबांनी विचारलं.

"चार हायत, सायब."

"मग लाव एक."

"पूजेला बसलेत."

"आणि वल्हं?"

"ते बी."

साहेबांनी किशनरावांकडे पाहिलं. किशनरावांनी, कुठेतरी बघायला हवं म्हणून, मोजकाठी पाण्यात खुपसली. पाणी मांडीएवढं निघालं. साहेब बूट हातात घेऊन उतरले आणि चिखल तुडवत काठाकडे निघाले. मागून सिद्धराम दोरीने बोट ओढत ओरडत होता, "सायब, उद्या दसरा हाय! उद्या या की!"

साहेबांनी कागदावर सही केली नाही. महिनाअखेरीला बोट बंद झाली आणि सिद्धरामची रोजंदारीही.