कुंदाताईंचं खोटं कासव

कुंदाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या वाळूत पालथ्या पडून कोपरांवर सरपटत होत्या. लातूरकडून एसट्या बदलत म्हसळ्याला आणि तिथून या किनाऱ्यावरच्या गावात मी कासवांच्या कॅम्पवर स्वयंपाकाला आले होते. वाटलं, बाईला फेफरं आलं. धावत जाऊन हात धरला तर म्हणाल्या, "माग मोडू नकोस गं. तू चुलीकडे जा, मी अंडी घालून येते."

डॉक्टर होत्या त्या, कासवांच्या. वीसेक वर्षं याच किनाऱ्यावर अभ्यास चाललेला. मादी अंडी घालून गेली की तिचा वाळूतला माग झावळीने पुसायचा आणि अंडी नेऊन जाळीच्या कुंपणात पुरायची, हे त्यांचं काम. तसाच माग दुसरीकडे स्वतःच्या अंगाने उमटवायचा, हा त्यांचा छंद. कारण दामू. गावातला अंडीचोर. खोट्या मागावर त्याने कंबरभर खड्डा काढला की ताई चहा घेऊन हजर.

"दामूशेठ, पाणी लागलं का?"

"ताई, तुमी शिकल्यासवरल्या बाया. असं करणं बरं न्हाय."

"अंगमेहनतीने साखर उतरते रे. घे, बिनसाखरेचाच आणलाय."

मी सातवीत शाळा सोडलेली. भात जरा करपला तरी वाटायचं, आता घरी धाडतात. त्यात एका वर्षी एक घरटं उशिरा सापडलं. एवढ्या उशिरा अंडी हलवली तर आतला जीव मरतो, म्हणून ती उघड्या वाळूतच ठेवावी लागली. कुंपण घालावं तर दामूला आयतीच पाटी. ताईंनी हातभर अंतरावर प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि रोज तिथे बसून शेंगा खाऊ लागल्या; दामूला वाटावं, हाही खोटा मागच. मी छत्री धरायला गेले तर काढून घेतली. "सावलीने वाळू गार पडली की सगळे नर निघतात. गावात आहेत ते पुरे नाहीत का?"

पण दामू दिसला की माझी नजर आपोआप त्या जागेवर जायची. ताई म्हणायच्या, "तुझे डोळे आहेत की बोट?"

पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले आणि ताईंचे गुडघे अडून बसले. ऑपरेशनला मुंबईला जाताना म्हणाल्या, "खुर्चीत आता तू बस." बस्स, एवढंच.

दुसऱ्याच दिवशी दामू समोर येऊन उकिडवा बसला. बिडी पेटवली.

"वैनी, ताई तर गेल्या. अंडी कुठं हायत?"

"मला काय माहीत. मी भाकऱ्या करते."

"व्हय. पण तुमची नजर खोटं बोलत न्हाय."

मग कसं सुचलं कोण जाणे, मी लांबच्या वाकड्या सुरूच्या झाडाकडे बघितलं आणि घाबरून मान फिरवली. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. दामू हसला, बिडी विझवून उठला. दुपारपर्यंत त्याने सुरूची सगळी मुळं उघडी केली. चहा न्यायची काही माझी छाती झाली नाही.

फोनवर हे ऐकून ताई इतक्या हसल्या की नर्स रागावली. "मी तुला गरीब समजत होते गं."

पिल्लं निघाली त्या सकाळी मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. दामूही आला होता, खुर्चीकडे बघत डोकं खाजवत. फोनमधून आवाज आला, "दामूशेठ, उभे काय राहिलात? कुत्री हाकला." आणि तो खरंच काठी घेऊन पळाला.

शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत ताईंनी फोन ठेवू दिला नाही. ते गुडघे पुन्हा वाळूला टेकणार नव्हते, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

"पुढच्या वर्षी स्वयंपाकाला दुसरी बाई बघ," त्या म्हणाल्या. वाटलं, धाडलं घरी. "तू किनारा सांभाळ."

"ताई, मी सातवी."

"का गं, पिल्लांनी विचारलं का?"