दार नसलेली अभ्यासिका

इस्लामपूरजवळच्या एका गावाने मला अभ्यासिका बांधायला सांगितली, तेव्हा मी पुण्यात शिकून नुकताच आर्किटेक्ट झालो होतो आणि गावाचा उद्धार करायला उतावीळ होतो. माझं स्वतःचं गाव तिथून दोन कोसांवर, पण ते माझं ऐकत नसे.

लोकांना विचारूनच बांधायचं, हे माझं तत्त्व. म्हणून नकाशा ग्रामसभेत मांडला. वर कौलं, चारी बाजू मोकळ्या, बसायला दगडी कट्टे. "ज्ञानाला दार कशाला?" असं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो. पुरुष म्हणाले, "झ्याक हाय." बायका मागे भिंतीला टेकून गप्प होत्या. आमच्याकडे ग्रामसभेत बायका बोलत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी त्या गप्प बसण्यालाच मी संमती समजलो.

फक्त गिरणीवाल्याच्या मुलीने विचारलं, "आवं, पण हेला दार कुठं हाय?" सगळे हसले. मीही हसलो, याची अजून लाज वाटते. तिच्या घरातच पिठाची गिरण, दिवसभर घरघर. ती तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती, आणि वयात बसणारी तिची ती शेवटचीच परीक्षा होती.

सरपंच मात्र अडून बसले. "जत्रंची भांडी कुठं ठिवायची?" मग नाइलाजाने मागे एक खोली काढून दिली. चार भिंती, एक खिडकी, एक दार. फोटो काढताना ती दिसणार नाही, एवढी काळजी मी घेतली. फोटो मासिकात छापून आले. माझं कौतुक झालं.

तीन महिन्यांनी गेलो तर कट्ट्यांवर पत्त्यांचे दोन डाव रंगलेले, फरशीवर सोयाबीन वाळत घातलेलं. पानं वाटता वाटता एकजण प्रेमाने म्हणाला, "लय गार वाटतं बघा हितं. झोप तर अशी लागती!" अभ्यासाला येणाऱ्या मुली कुठे आहेत, असं विचारल्यावर त्यांनाच नवल वाटलं. सर्वांसाठी खुलं म्हणजे आमच्या गावांत पुरुषांसाठी खुलं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. आणि घरी शिकवलेलं मी विसरलो होतो.

मुली भांड्यांच्या खोलीत होत्या. सरपंचांच्या बायकोने गुपचूप किल्ली दिली होती. पातेली एकावर एक रचून चौघींनी जागा केली होती, आणि एका पालथ्या पातेल्यावर पुस्तकं. मी ओशाळून विचारलं, "काय बदल करून देऊ?"

"काय नगं," गिरणीवाल्याची मुलगी म्हणाली. "आतनं कडी तेवढी बसवा."

इस्लामपुराहून कडी आणून मी स्वतः बसवली. माझ्या डिझाइनमध्ये तेवढं एकच काम अभ्यास करणाऱ्यांनी मागितलेलं होतं.

पुढे पुण्याहून काही पाहुणे इमारत बघायला आले. मी मोकळेपणावर भाषण सुरू केलं. पत्तेवाल्यांनी अदबीने जागा करून दिली. पाहुण्यांतल्या एका बाईंनी मागच्या बंद खोलीबद्दल विचारलं, म्हणून मी ऐटीत दार ठोठावलं.

आतून आवाज आला, "परीक्षेला आठच दिस ऱ्हायल्यात. मागनं या."

पाहुणे माझ्याकडे बघू लागले. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. "जरा हळू बोला," मी म्हणालो, आणि भाषण अर्ध्यावर सोडून सगळ्यांना रस्त्यावर घेऊन गेलो.