वेल्ह्याच्या डॉक्टरीणबाईचं ‘न्हाई’

वसईहून निघाले ती पपांच्या केळीच्या टेम्पोतून. मागे खाट, पुस्तकं, उलटं टाकलेलं तपासणीचं टेबल आणि आईने उन्हात वाळवलेल्या सुकेळ्यांचा डबा. हे पत्र घरच्या सगळ्यांसाठी आहे; तुम्ही भावंडं दुबईला, कॅनडाला गेलात. मी आपली घाट चढून वेल्ह्याला आले. आई रडून रडून दमली. पपा एवढंच म्हणाले, “नाही म्हणायचंच असेल तर दाराशी म्हण. माणसाला आत बसवून नको.”

कशाबद्दल, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आपण कॅथलिक. नसबंदी आणि गर्भपात मी करत नाही. माझं मन घेत नाही. शहरात हे खपून जातं, शेजारच्या गल्लीत दुसरा डॉक्टर असतोच. इथे तोरण्याच्या पायथ्याशी कुठला?

पहिल्याच वर्षी सखू आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, वरच्या वाडीवरून पायी उतरलेली, चौथ्यांदा दिवस गेलेले. “बाळंत झाले का लगीच आपरेशन बी करून टाका, बाई. लई झालं आता.”

मी तिथल्या तिथे, दाराशीच सांगितलं. तुझं काही चुकत नाही, पण हे माझ्या हातून होणार नाही. भोरच्या सरकारी दवाखान्यात करतात. बाळंतपणही तिथेच कर, म्हणजे दोनदा हाल नकोत.

“मंग हितं कशापायी आलाय तुमी?” ती उसळली. चहा पाजला, तो तिने घुश्शातच प्यायला. मग मी तिला एसटीपर्यंत सोडून आले.

त्यानंतर ती फिरकलीच नाही. भोरला गेली, की रागाच्या भरात वाडीवरच बाळंत झाली? माझा जीव टांगणीला लागला. कंडक्टरला विचारून विचारून भंडावून सोडलं. तिचं काही बरंवाईट झालं असतं, तर कुठल्या तोंडाने प्रार्थनेला बसले असते मी? खरं सांगते, पुस्तकं पुन्हा खोक्यात भरायला घेतली होती.

आणि एका बाजाराच्या दिवशी सखू दारात! कडेवर गुटगुटीत पोरगी, नाक वाहतंय. बाळंतपण, ऑपरेशन, दोन्ही भोरला व्यवस्थित झालेलं. म्हटलं, “माझ्यावर रागावली नाहीस?”

“लई रागावले. तर सासरे म्हनले, आपन तरी गाभन मेंढी खाटकाला कवा दिलीय? गिऱ्हाइकाला तोंडावर न्हाई म्हनतो, पानी पाजतो, वाट दावतो. बाईनं तेच केलं की!”

मला रडूच फुटलं. सखू म्हणाली, “आवं, आदी पोरीचं नाक बगा!”

आता एसटीत बायांना तीच बजावते, “नुसतं बाळंतपन हितं, आपरेशन बी पायजे तर समदं भोरला!” मला तोंड उघडावं लागत नाही.

वसईला आले की अजूनही चर्चची घंटा ऐकून मन भरतं. पण दोन दिवसांत करमेनासं होतं. आपलं ‘न्हाई’ ऐकूनही माणूस जिथे पोर घेऊन परत येतो, तिथेच माझं घर झालंय. तेव्हा पपा, तुम्ही सांगितलेलं दाराशीच ‘नाही’ म्हणणं बरं चाललंय. सुकेळी मात्र या खेपेला दुप्पट पाठवा; सखूची पोरगी आल्या आल्या डबाच शोधते.