केकला रोज एक चमचा

आमची आत्या लिफ्ट तपासते. डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च, अशी ती लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरते, तारा आणि ब्रेक बघते आणि वर येऊन इमारतीच्या मॅनेजरला झापते. दुसऱ्याने तपासलं असलं तरी आपण तपासायचंच, हा तिचा नियम. त्या नियमावर आमचं अख्खं घर वाढलंय. आमच्याकडे गॅस एक जण बंद करतो आणि बाकीचे सगळे तो पुन्हा बंद करून येतात. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही.

पन्नाशी उलटल्यावर आत्याला चष्मा लागला. दुकानातल्या चष्मेवाल्यांनी तिचे डोळे तीनदा तपासले. तिसऱ्यांदा तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे तिला कळत होतं, पण दुसऱ्याच्या तपासणीत ती लुडबुड करत नाही. बघता बघता दोघं लग्नाचं बोलायला लागली. घरात आनंदाला नुसतं उधाण आलं. काकाने तर बोलणी पक्की व्हायच्या आत सूट शिवायला टाकला.

अडचण होती ती चष्मेवाल्यांच्या थोरल्या बहिणीची. त्या ताई दुकानाचा गल्ला सांभाळायच्या, भावंडं दुकानाच्या वरच राहायची. दिवसभर दोरावर लोंबकळणारी बाई संसारात टिकायची नाही, असं ताईंचं ठाम मत. आणि ताई नाही म्हणाल्या तर लग्न होणार नाही, हे चष्मेवाल्यांनी आत्याला सरळ सांगून टाकलं होतं. रविवारी ताई आमच्याकडे चहाला येऊन काय ते ठरवणार होत्या. केक मी स्वतः करीन, असा आत्याने उलट निरोप धाडला.

आत्याला धड अंडं उकडता येत नाही. पण तिच्या कामावरच्या एका फिटरने शपथेवर सांगितलं होतं की स्टाऊटचा, म्हणजे काळ्या कडवट बिअरचा फ्रूट केक बिघडूच शकत नाही. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, लोणी आणि साखर तिने बिअरमध्ये उकळली आणि वर खायचा सोडा टाकला. फिटरने पातेलं मोठं घ्यायला सांगितलं नव्हतं. काळा फेस भसाभसा वर आला, ओट्यावरून ओघळला आणि थेट आत्याच्या कामाच्या बुटात शिरला. आई फडकं घेऊन धावली, काका चमचा घेऊन. हसून हसून आमची पुरेवाट झाली. केक मात्र झाला. गडद, जड, आणि वास असा की शेजारीण उगाचच साखर मागायला आली.

दुसऱ्या दिवशी आत्याला आठवडाभर परगावी जावं लागलं, नव्या इमारतीच्या लिफ्ट तपासायला. जाताना तिने आईला बजावलं की केकला सुईने भोकं पाडली आहेत, रोज संध्याकाळी वरून एक चमचा बिअर पाजायची आणि कागदात गुंडाळून डब्यात ठेवायचा.

रविवारी ती परतली ती ताई यायच्या जरा आधी. डबा उघडला, तर केकने बसकण मारलेली. सुरी लावली तसा तो ताटभर पसरला. वासानेच डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, मी रोज एकच चमचा घातला. बाबा म्हणाले, मीही एकच, ही विसरली तर म्हणून. मीही एकच घातला होता, बाबा विसरले तर म्हणून. काका म्हणाला, त्याचाही एकच, फक्त मध्येच बिअर संपली म्हणून रम वापरली, आणि चमचा सापडेना म्हणून डाव.

आत्या आम्हाला काय बोलणार? नियम तिचाच. ती खुर्चीत बसून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"वहिनी, मला तो माणूस हवाय गं," ती म्हणाली. "आता मी काय करू?"

आईने वाडगे काढले.

ताई आल्या, सोबत चष्मेवालेही. केक डावाने वाढलेला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. पहिला वाडगा त्यांनी सभ्यपणा म्हणून संपवला, दुसरा मागून घेतला. तिसऱ्याला त्यांनी खुर्चीतच पाय वर घेऊन मांडी घातली, काकाच्या सुटाची चौकशी केली आणि एकदम खुसुखुसु हसत सुटल्या. आम्हीही सुटलो. चष्मेवाले तेवढे भेदरून बहिणीकडे बघत होते, त्यांनी तिला असं हसताना कधी पाहिलंच नसावं. मग हसता हसताच ताईंचा आवाज कापायला लागला.

"हा गेला की संध्याकाळी मी कुणाशी भांडू?" त्या म्हणाल्या. "दुकान बंद झालं की आम्ही दोघं जेवेपर्यंत भांडतो. मला दुसरं आहे कोण?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आत्या उठली, खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसली आणि त्यांच्या वाडग्यात आणखी एक डाव केक घातला.

"माझ्याशी भांडा," ती म्हणाली. "पण मी जिंकल्याशिवाय उठत नाही, आधीच सांगून ठेवते."

ताईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"बघू की," त्या म्हणाल्या. "तारीख काढा."