काळ्या कांबळीखालची घोडी

लग्नाहून परत येणारी घोडी उघडी आणायची नाही, असा आमच्या सासऱ्यांचा नियम होता. जाताना तिला सगळ्यांनी बघावं, त्यासाठीच तर तिला नेत. आरशांची झूल, कपाळावर तुरा, गळ्यात घुंगरांची माळ आणि वर नवरदेव. शे-दोनशे माणसांची नजर तिच्यावर पडायची. वरात मंटपाशी, म्हणजे लग्नाच्या मांडवाशी, पोचली की माझे यजमान तिला मागच्या गल्लीत नेऊन सगळे दागिने उतरवत, घुंगरं फडक्यात घट्ट बांधत आणि तिच्यावर काळी कांबळी घालत. मानेपासून शेपटीपर्यंत आणि खाली गुडघ्यांपर्यंत. तोंडावरही काळी टोपी, डोळ्यांना नि कानांना भोकं ठेवलेली. घरी दृष्ट काढेपर्यंत तिचा पांढरा रंग कुणाला दिसता कामा नये. थंडीत त्याचा आणखी एक उपयोग होता. घामेजलेल्या घोडीला वारा लागत नसे.

त्या कांबळ्या मीच शिवल्या होत्या. दोन घोड्या होत्या, थोरली आणि धाकटी, म्हणून दोन कांबळ्या.

सासऱ्यांचे वडील बेंगळुरात जटका, म्हणजे घोड्याचा टांगा, चालवत. पुढे रिक्षा आल्या, जटके गेले, घोड्या राहिल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घर लग्नाच्या वरातींवर चालत होतं. आम्ही यशवंतपूरला बाजाराच्या मागच्या बाजूला राहत होतो. दिवस मावळला की तिकडे मालाच्या लॉऱ्या यायला लागत, कांद्याच्या, बटाट्याच्या, मिरचीच्या. लग्नं मात्र शहराच्या दुसऱ्या टोकालाही असत, पार जयनगरपर्यंत. जाताना यजमान घोडीला चालवत नेत. येताना पाय गळून गेलेले असत, म्हणून ते तिच्यावर बसून येत. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होई, आणि ते दिवस नेमके थंडीचे. सहा वाजले की अंधार.

दृष्ट काढायचं काम माझं. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या ताटलीत घेऊन मी फाटकाशी उभी राहायची. त्यामुळे घोडी येताना सगळ्यात आधी मला कळे. आधी नालांचा आवाज येई. मी अंधारात बघत राही. आवाज जवळ येत जाई आणि मला काहीच दिसत नसे. मग एकदम अगदी हातभर अंतरावर घोडीचा श्वास लागे आणि वरून यजमान म्हणत, "बाजूला हो गं, पाय पडेल."

पहिली काही वर्षं मला यात वावगं वाटलं नाही. नियमच तसा होता, दिसायचं नाही.

एका संध्याकाळी वीज गेली होती. त्या वर्षांत ती रोजच जायची. मी कोपऱ्यावरून रॉकेल घेऊन येत होते. तिथे एक पंक्चरवाला बसायचा. तो कानडीत म्हणाला, "अक्का, काल तुमचे यजमान मला माझ्या अंगावर आले तेव्हा दिसले. मी तर बसलेला माणूस. लॉरीवाल्याला कसे दिसणार? स्वल्प सांगा त्यांना."

मी होकाराची मान हलवून "सरी" म्हटलं आणि घरी आले. पण ते डोक्यातून जाईना. मला जे रोज फाटकाशी दिसत नव्हतं, ते रस्त्यावर इतरांनाही दिसत नव्हतं, हे इतकं साधं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी यजमानांना सांगितलं. ते हसले.

"तुला दिसत नाही म्हणजे दृष्ट लागायचा प्रश्नच मिटला. आप्पांचं बरोबरच आहे की."

"चेष्टा नको. मागून गाडी आली तर?"

"मागून गाडी आली की मला ऐकू येते."

"आणि तिला तुम्ही ऐकू येता का?"

मग म्हणाले, "आप्पांना कोण सांगणार? तू सांग."

"मी?"

"का? सहा वर्षं झाली लग्नाला. माझ्या बापाला तुझा आवाज कसा आहे ते अजून ठाऊक नाही. एकदा ऐकू दे."

खरंच होतं ते. माझं माहेर निपाणीकडचं, शाळा चौथीपर्यंत. इथे आले तेव्हा या लोकांचं मराठी मला अर्धंच कळायचं, त्यात कानडी फार. चुकीचं बोलून हसं होण्यापेक्षा गप्प राहणं सोपं वाटलं, आणि मग तेच अंगवळणी पडलं. सासऱ्यांना मामंजी म्हणायची, तेही मनातल्या मनात. त्यांच्यापुढे ताट ठेवायचं, तांब्या ठेवायचा आणि मागे सरकायचं. ते रागीट नव्हते. हात उगारलेला मी कधी पाहिला नाही.

बोलता येईना म्हणून मी सुई घेतली. यजमानांच्या जुन्या धोतराची वीतभर रुंद पट्टी फाडली आणि थोरलीच्या कांबळीला खालच्या कडेने शिवली. मागच्या बाजूला दुहेरी लावली, कारण गाड्या मागून येतात. दोन दुपारी लागल्या. कांबळी जाड, सुई वाकायची.

सासऱ्यांनी ती तबेल्यात टांगलेली पाहिली आणि मला हाक मारली.

"सूनबाई, हे काय? घोडीला परकर शिवलास?"

त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं.

"काळ्याला पांढरं लावतात का कधी? मग झाकायची कशाला? आरतीच ओवाळा म्हणावं लोकांना." ते चिडून बोलत नव्हते, त्यांना हसूच येत होतं. "काय म्हणून लावलंस, सांग तरी."

त्यांनी विचारलं होतं. मला ते शब्द आजही जसेच्या तसे आठवतात. पंक्चरवाला काय म्हणाला, फाटकाशी मला काय दिसतं आणि काय दिसत नाही, सगळं तोंडाशी आलं होतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग चाकू घेऊन शिवण उसवली आणि पट्टी माझ्या हातात दिली. "फडक्याला घे," म्हणाले.

मग यजमानांनीच मार्ग काढला. मंटपापासून निघताना कांबळी नीट घालायची, पण मोठ्या रस्त्याला लागलं की मागची बाजू उचलून खोगिरावर टाकायची. घोडीचा मागचा भाग उघडा राहील, पांढरा, लांबून दिसेल असा. आमची गल्ली आली की पुन्हा खाली सोडायची. आप्पांना कळायचं कारण नाही. "खूश?" त्यांनी मला विचारलं. मी खूश होते. एकदा ते कंदीलही नेऊन पाहणार होते, पण रिकिबीला काही लटकलं की थोरली बुजायची, म्हणून तो नाद सोडला. त्यानंतर ते येत तेव्हा मी फाटकाच्या थोडं पुढे, कोपऱ्यापर्यंत जाऊन उभी राहू लागले. दूरवर एक पांढरट ठिपका हलताना दिसायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

धनुर्मासात लग्नं थांबली. संक्रांतीनंतर पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी थंडी लांबली होती, सकाळी बाजारात धुकं असायचं आणि संध्याकाळी शेकोट्यांचा धूर खाली बसायचा. थोरलीला खोकला झाला. सासऱ्यांनी गूळ आणि सुंठ घालून तिला दाणा दिला, छातीला तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याच्या घरची वरात होती. धाकटीच्या खुराला जखम होती, म्हणून थोरलीलाच न्यावं लागलं.

निघताना ती दोनदा खोकली. मी तिच्या नाकावर हात ठेवला आणि यजमानांना म्हटलं, "आज कांबळी उचलू नका हं. घाम आल्यावर गार वारा लागला तर छाती भरेल तिची."

ते म्हणाले, "आता काढू नका म्हणतेस? तुझं एक काही ठरू दे बाई."

"आजच्या दिवस."

"बरं. आजच्या दिवस."

वरात दुपारची होती. ते साडेसातच्या सुमारास परत यायचे होते. मी ताटली घेऊन बाहेर आले तेव्हा वीज गेलेली होती. कोपऱ्यापर्यंत गेले. आज काही दिसणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी नुसती ऐकत होते. मोठ्या रस्त्यावरून लॉऱ्या जात होत्या. मग ब्रेकचा आवाज आला, लांबलचक, आणि नंतर लाकडी पेटी फुटावी तसा एक आवाज. त्यानंतर घोडी ओरडली. घोडी तशी ओरडते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

पंक्चरवाला माझ्या आधी धावला. मी गेले तेव्हा यजमान रस्त्याच्या कडेला मातीत पडले होते. डोळे उघडे होते. "पाय हलत नाही," एवढंच म्हणाले. थोरली लॉरीच्या पुढे पडली होती. पुढच्या पायांवर जोर देऊन उठायला बघायची, नाल डांबरावर घसरायचे आणि ती पुन्हा पडायची. मागचा एक पाय उलट्या बाजूला वळला होता. लॉरीचे दिवे चालूच होते आणि त्या उजेडातसुद्धा ती नीट दिसत नव्हती. काळ्यावर काळं काहीतरी हलत होतं.

ड्रायव्हर पळाला नाही. माणसं त्याला मारायला निघाली होती आणि तो हात जोडून परत परत सांगत होता, "काही दिसलं नाही सामी, रस्ताच आहे असं वाटलं. माणूस हवेत बसलाय असं दिसलं आणि मग लागलंच."

सासरे आले. मुलाच्या छातीवर हात ठेवून त्यांनी श्वास बघितला आणि त्याला टेंपोत घालायला सांगितलं. मग ते थोरलीपाशी बसले आणि तिची कांबळी ओढून काढली. थोरली आत इतकी पांढरी होती की आजूबाजूची माणसं मागे सरकली. ड्रायव्हर ते बघून खालीच बसला.

थोरलीला गुरांच्या डॉक्टरने सुई देऊन कायमचं निजवलं. यजमानांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात सव्वा महिना होते. काठी घेऊन चालता येईल, घोड्यावर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी त्यांच्या उशाशी बसायची. त्या सकाळी मी जे बोलले होते ते त्यांनी एकदाही काढलं नाही. मी एकदा काढायला गेले. ते म्हणाले, "खोकत होती ती. तू काय चूक बोललीस?" आणि भिंतीकडे वळले. वळताना त्यांना किती दुखतं ते मला माहीत होतं, तरी ते वळले.

ते घरी आल्यावर आठवड्याभरात धाकटीला एक वरात आली. सासऱ्यांनी एका जुन्या जटकेवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा, घरी तीन मुली असलेला माणूस. दुपारी त्याने धाकटीला सजवलं. सासऱ्यांनी बाहेरून मला हाक मारली.

"सूनबाई, दुसरी कांबळी आण. येताना लागेल त्याला."

मी ती घेऊन आले. दारात थांबले. त्यांनी हात पुढे केला आणि मी दिली नाही.

"काय झालं?"

"मामंजी," मी म्हटलं. माझाच आवाज मला वेगळा वाटला. "ही घालून घोडी दिसत नाही. मी रोज फाटकाशी उभी असते. जवळ येईपर्यंत काहीच दिसत नाही. म्हणून पट्टी लावली होती मी."

जटकेवाला लगाम धरून जमिनीकडे बघत होता. आतल्या खोलीत यजमानांची खाट करकरली.

सासरे माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला सोपं गेलं असतं.

"पोरी," ते म्हणाले, "मी तुला तेव्हा विचारलं होतं ना? हे तू तेव्हा का नाही बोललीस?"

मी कांबळी छातीशी धरली. बराच वेळ त्यांनी वाट पाहिली. मग जटकेवाल्याकडे वळून म्हणाले, "तशीच ने. येतानाही तशीच आण, उघडी. घुंगरं काढू नकोस." आणि ओट्यावर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी धाकटी घुंगरं वाजवत, पांढरीशुभ्र अशी लांबूनच दिसत घरी आली. मी दृष्ट काढली. सासरे तिला बघायला बाहेर आले नाहीत. त्यांनी मला तो प्रश्न पुन्हा कधीच विचारला नाही, मरेपर्यंत नाही, आणि त्या दिवसापासून मी वाढलेलं ताट ते माझ्याकडे न बघता ओढून घेऊ लागले.