पायात बूट, स्टाफरूममध्ये चर्चा

आमच्या पारनेरच्या शाळेत किस्से मुद्दाम कोणी साठवत नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडतात, कोणीतरी "अहो, ऐका ना" म्हणतं आणि एकाची भर पडते. तपासणीसाठी आम्हा सरलोकांना काळे फॉर्मल बूट सक्तीचे झाले आणि सगळ्यांनी ते ऑनलाइन मागवले, तेव्हापासून तर बुटांचीच चलती आहे!

गणिताच्या गायके सरांनी सकाळी उठल्या उठल्या पट्टीनं पाऊल मोजलं, अगदी मिलिमीटरपर्यंत. बूट आले. प्रार्थनेला एकदम फिट! पाचव्या तासाला मात्र सर खुर्चीतून उठेनात.

इतिहासाच्या शेख सरांच्या वडिलांचं भिंगारला चपलांचं दुकान. ते शांतपणे म्हणाले, "दिवसभर उभं राहून पाय फुगतो. माप संध्याकाळी घ्यायचं."

"म्हणजे उत्तर बरोबर होतं," गायके सर कळवळले, "वेळ चुकली!"

*

मी पाच स्टार बघून घेतले. टाच दगडासारखी! शेख सरांनी माझ्या मोबाईलवर रिव्ह्यू वाचले. "'पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत.' अहो, घालून चाललंय कोण?"

*

खरं चामडं वितळत नाही, असं आमचे क्लार्क म्हस्के यांनी कुठंतरी ऐकलेलं. ऑफिसात डिलिव्हरीवाल्या काकांसमोरच पार्सल उघडलं, तशी त्यांनी सरस्वतीच्या फोटोपुढची पेटती उदबत्ती उचलली आणि बुटाला टेकवली. भोक! वर प्लास्टिकचा वास.

"बघा, नकली!" म्हस्के विजयानं ओरडले.

डिलिव्हरीवाले काका म्हणाले, "व्हय साहेब. पन आता त्यो तुमचाच हाय. ओटीपी सांगा!"

*

मराठीच्या कुलकर्णी सरांच्या तळव्याला कुरूप. बूट घातले की चेहरा पिळवटायचा. कुठल्याही कार्यक्रमात दोन वाक्यांत आभार मानून खाली बसायचे. निवृत्तीच्या समारंभाला मुलगी-जावई येणार, म्हणून एकदा तरी सुटाबुटात उभं राहायची त्यांची फार इच्छा.

शेख सरांनी त्यांचं पाऊल कागदावर आखून घेतलं, आठवडाभर शोधून पुढून रुंद, आतून मऊ असे बूट निवडले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते भेट दिले. सर घालून चार पावलं चालले. डोळे भरून आले. "शेख, पायात काही आहे असं वाटतच नाही हो!"

समारंभात सर माइकसमोर ताठ उभे राहिले. हसतमुख. मुलगी कौतुकानं बघत होती. पाऊण तास झाला, तेव्हा सर नोकरीच्या दुसऱ्या वर्षात, देवळाली प्रवऱ्यात पोचले होते.

गायके सर हळूच शेख सरांकडे झुकले. "अहो, बूट परत करायची मुदत आहे ना अजून?"